तेल्याचा जंतू खरंच शहाणा झाला का? सांगोल्यातल्या एका डाळिंब बागेचं प्रकरण

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात भगवा डाळिंबाची ही बाग आहे. जमीन मुरमाड, पाणी ठिबकवर, आणि सगळी झाडं एकाच रोपवाटिकेतून आणलेल्या गुटी कलमांची. बरीच वर्षं इथे मृग बहार धरला जायचा. उन्हाळ्यात ताण, म्हणजे पाणी तोडणं, मग इथ्रेल मारून पानगळ, पावसाच्या तोंडावर पाणी आणि दिवाळीनंतर माल. तेल्या, म्हणजे डाळिंबावर तेलकट डाग पाडणारा जिवाणूचा रोग, बागेत शिरला तेव्हा सुरुवातीचे काही हंगाम कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि स्ट्रेप्टोसायक्लीन (यात मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक असतं) एकत्र मारलं की डाग आवरायचे. पुढे तीच औषधं, तीच मात्रा, तोच ब्लोअर, तरी डाग पानांवरून फळांवर आणि फळांवरून फांद्यांच्या पेरांवर सरकत गेले. फळं डागावर उकलली, फांद्या पेरात मोडल्या. औषध दुकानातून मात्रा वाढवायचा सल्ला मिळाला. मात्रा दुप्पट झाली, खर्चही वाढला, डाग थांबले नाहीत.

बागेच्या मालकांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो. त्यांनी निदान एका वाक्यात सांगितलं: "जंतू आता औषध वळखाय लागलाय, मॅडम." त्यांचा मुलगा सोलापुरात माझ्याकडे सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. पेशींना बुद्धी असते या विषयावर त्याने बरंच वाचलं होतं, आणि वडिलांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे असं त्याचं ठाम मत झालं होतं. एकेक पेशी शिकते, लक्षात ठेवते, निर्णय घेते हे प्रयोगांतून दिसलं आहे. मग झँथोमोनासने, म्हणजे तेल्या आणणाऱ्या जिवाणूने, स्ट्रेप्टोमायसिन ओळखायला शिकणं अशक्य का मानायचं, असा त्याचा प्रश्न होता.

हा प्रश्न एरवी चर्चासत्रात विचारला जातो आणि तिथेच राहतो. या बागेत त्याच्या उत्तरावर पुढच्या हंगामाचं नियोजन अवलंबून होतं. जंतू शिकत असेल तर दोन उपाय सुचतात: शिकायला वेळच मिळू नये म्हणून पहिलीच फवारणी जबर करायची, किंवा एक हंगाम औषध बंद ठेवून त्याला ते विसरू द्यायचं. आण्णांनी पहिला उपाय करून पाहिला होता, दुसरा ते करणार होते. जंतू शिकत नसेल आणि बदल दुसरीकडेच कुठेतरी घडत असेल, तर हे दोन्ही उपाय वाया जाणार होते. म्हणून आम्ही तिघांनी हे प्रकरण नीट तपासायचं ठरवलं.

मुलाची बाजू

आधी मुलाचं म्हणणं, कारण त्यातला मोठा भाग खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही.

अमेरिकन प्राणीशास्त्रज्ञ हर्बर्ट जेनिंग्ज यांनी 1906 मध्ये स्टेंटॉर या एकपेशीय जिवाच्या वागणुकीचं वर्णन प्रसिद्ध केलं. तुतारीच्या आकाराचा हा जीव तळ्यातल्या काडीकचऱ्याला चिकटून राहतो, आणि मोठा असेल तर नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. जेनिंग्जनी त्याच्या तोंडावर लाल रंगाच्या भुकटीची धार सोडली. तो आधी वाकला. धार चालूच राहिली तेव्हा त्याने तोंडाजवळच्या केसलांचा, म्हणजे हलणाऱ्या बारीक केसांचा, प्रवाह उलटा केला. तरी त्रास थांबेना, मग अंग आक्रसून आपल्या नळीत शिरला. शेवटी जागाच सोडून पोहत निघून गेला. उत्तेजना एकच, पण आधी काय करून झालं आहे त्याप्रमाणे पुढचं वागणं बदलत गेलं. पुढे दुसऱ्या एका जातीवर हा प्रयोग केला गेला, तो जमला नाही आणि जेनिंग्जचं निरीक्षण बाजूला पडलं. 2019 मध्ये हार्वर्डच्या गटाने मूळ जात मिळवून प्लास्टिकच्या सूक्ष्म मण्यांनी तो पुन्हा केला. सौम्य उपाय बहुधा आधी आणि टोकाचे नंतर, ही चढण त्यांनाही दिसली.

फायझेरम नावाची पिवळी चिखलबुरशी म्हणजे असंख्य केंद्रकं असलेली एकच पेशी. जपानमध्ये 2000 साली तिला भुलभुलैयात ठेवलं, दोन टोकांना खाद्य ठेवलं, तेव्हा तिने बाकीच्या वाटांवरून अंग काढून घेतलं आणि सर्वांत जवळच्या वाटेवर नळी ठेवली. 2016 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी तिच्या वाटेत क्विनीन किंवा कॅफिन लावलं. सुरुवातीला ती बिचकली, काही दिवसांत त्या निरुपद्रवी कडवटपणाकडे दुर्लक्ष करू लागली, आणि मध्ये खंड पडल्यावर पुन्हा बिचकू लागली. सवय होणं आणि सवय मोडणं ही दोन्ही लक्षणं एका पेशीत दिसली.

आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूचं उदाहरण मला सर्वांत पटणारं वाटतं, कारण त्यातली यंत्रणा जवळजवळ पूर्ण उलगडली आहे. हा जिवाणू साधारण दोन मायक्रॉन लांबीचा. इतक्या छोट्या अंगाच्या दोन टोकांवर साखरेच्या प्रमाणात पडणारा फरक त्याला नीट कळू शकत नाही. म्हणून तो पोहत राहतो, आणि आत्ताचं प्रमाण काही सेकंदांपूर्वीच्या प्रमाणाशी ताडून पाहतो. वाढतं असेल तर सरळ पोहणं लांबवतो, घटतं असेल तर लवकर गिरकी घेऊन दिशा बदलतो. 1972 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हे दाखवून दिलं. ही काही सेकंदांची आठवण त्याच्या संवेदक प्रथिनांवर मिथाइल गट चढवून-उतरवून साठवली जाते. मेंदू नाही, चेतापेशी नाही, पण मागची नोंद आहे आणि तिच्यावरून पुढचं वागणं ठरतं.

बार्बरा मॅक्लिंटॉक यांना 1983 चं नोबेल मिळालं. त्या वेळच्या भाषणात त्यांनी मक्याच्या पेशींना धक्का बसल्यावर त्या आपल्या जनुकसंचाची कशी फेरमांडणी करतात ते सांगितलं. पेशीला स्वतःबद्दल किती ज्ञान असतं आणि संकटात ती ते विचारपूर्वक कसं वापरते, हे शोधणं पुढच्या पिढीचं काम आहे, असा त्यांचा रोख होता. आयुष्यभर मक्याच्या शेतात उभं राहून काम केलेल्या संशोधिकेने हे म्हटलं आहे, म्हणून मी ते हलकं मानत नाही.

विरोधही तितकाच गंभीर आहे. 2007 मध्ये 36 वनस्पतिशास्त्रज्ञांनी मिळून एक पत्र प्रसिद्ध केलं. वनस्पतींना चेतासंस्था असल्यासारखी भाषा वापरण्याला त्यांचा आक्षेप होता: अशा भाषेने समजत काहीच नाही, फक्त समजल्यासारखं वाटतं. माझं मत दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. एखाद्या पेशीने आपल्या एका आयुष्यात मागचा अनुभव जपला, एकाहून जास्त खुणा एकत्र तोलल्या आणि त्यावरून वागणं बदललं, तर त्याला बुद्धीचा एक प्रकार म्हणायला मी तयार आहे. पण हे सगळं त्या एका पेशीच्या आयुष्यात घडलं पाहिजे. बागेत नेमकं हेच तपासायचं होतं.

परसातलं झाड आणि बागेतलं झाड

घराच्या मागे परसात एक जुनं गावठी डाळिंब आहे. त्यावरही तेल्याचे डाग होते, पण त्याला कधी कुणी फवारणी केली नव्हती. मुलाने दोन्हीकडची डागाळलेली पानं आणली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांच्यापासून जिवाणू वाढवले. दोन्हीकडून पिवळ्या, चिकट वसाहती मिळाल्या. त्या झँथोमोनासच्याच आहेत याची खात्री करायला निरोगी पानांत टोचून तेलकट डाग उमटतो का तेही पाहिलं. मग स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या माध्यमावर दोन्ही पसरवले. परसातल्या झाडाचे जिवाणू तिथे वाढले नाहीत, बागेतले बिनदिक्कत वाढले.

आण्णांनी दोन्ही ताटल्या हातात घेऊन पाहिल्या आणि लगेच म्हणाले, "म्हंजी परसातला अडाणी, बागेतला शिकलेला." इतक्या पुराव्यावर त्यांचं म्हणणं खोडता येत नव्हतं. फरक आहे एवढंच ताटल्या सांगत होत्या, तो कशाने पडला ते सांगत नव्हत्या.

म्हणून पुढची पायरी. बागेतले जिवाणू औषध नसलेल्या माध्यमात पुन्हा पुन्हा नव्याने वाढवले. जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, त्यामुळे थोड्याच काळात त्यांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. त्यांतल्या एकाही पेशीने औषध पाहिलेलं नव्हतं. शेवटी त्यांना पुन्हा औषधाच्या ताटलीवर टाकलं आणि ते पहिल्यासारखेच वाढले.

जिवाणू काही गोष्टी खरोखर तात्पुरत्या शिकतात. ई. कोलायला दूधसाखर दिली की तो ती पचवायचं विकर (एन्झाइम) बनवू लागतो, काढून घेतली की थांबतो, आणि आधी बनलेलं विकर पिढ्यांगणिक वाटलं जाऊन विरळ होत जातं. फ्रान्सच्या जाकोब आणि मोनो यांनी 1961 मध्ये हा स्विच कसा चालतो ते मांडलं. बागेतल्या जिवाणूंचा प्रतिकार असा असता तर इतक्या पिढ्यांनंतर विरला असता. तो टिकला, म्हणजे बदल डीएनएत आहे. एक हंगाम औषध बंद ठेवून जंतूला विसरायला लावायचा बेत इथेच सुटला. प्रतिकाराचं जनुक प्लास्मिडवर, म्हणजे मुख्य डीएनएपासून सुट्या असलेल्या छोट्या डीएनए-कड्यावर, असेल तर काही पेशींतून ते कालांतराने गळूही शकतं, पण त्या भरवशावर बहार धरता येत नाही.

मुलाचा पुढचा मुद्दा मात्र चोख होता. बदल डीएनएत आहे हे मान्य, पण औषध समोर आल्यावर पेशीने तो स्वतःहून घडवला नसेल कशावरून?

हा प्रश्न 1940 च्या दशकात जीवशास्त्राचा कळीचा प्रश्न होता. 1943 मध्ये लुरिया आणि डेलब्रुक यांनी ई. कोलायच्या बऱ्याच छोट्या संवर्धनांवर विषाणू सोडला. विषाणू भेटल्यावर जिवाणू प्रतिकार घडवत असते तर प्रत्येक नळीत वाचलेल्यांची संख्या साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात काही नळ्यांत एकही वाचला नाही, तर काहींत वाचलेल्यांचा अख्खा जथा निघाला. तो जथा म्हणजे विषाणू येण्याआधीच योगायोगाने बदललेल्या एका पेशीची प्रजा. 1952 मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी हे आणखी थेट दाखवलं. ताटलीवरची जिवाणूंची दाट वाढ त्यांनी मखमलीच्या तुकड्यावर टिपली आणि तिचा ठसा औषधाच्या ताटलीवर उमटवला. औषधावर जिथे वसाहत उगवली, मूळ ताटलीवरची तीच जागा निवडून पुन्हा वाढवली, पुन्हा ठसा घेतला. असं करत करत त्यांनी औषध न पाहिलेल्या मूळ ताटल्यांमधून औषधाला दाद न देणारे जिवाणू वेगळे काढले. त्यांच्या त्या प्रयोगातलं औषध स्ट्रेप्टोमायसिनच होतं. आमच्या बागेतल्या प्रश्नाचं उत्तर त्या मखमलीने सत्तर वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे, असं मी मुलाला म्हणाले. हातमाग-यंत्रमागाच्या शहरात शिकणाऱ्या पोराला कापडाचा हा उपयोग फार आवडला.

स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला चिकटतं आणि प्रथिनं बनवण्याचं काम बिघडवतं. रायबोसोममधल्या एका प्रथिनाच्या जनुकात एक अक्षर बदललं की ते चिकटू शकत नाही. असा बदल अब्जावधी पेशींत एखाद्या पेशीत आपोआप होतो. डागांनी भरलेल्या एका झाडावर जिवाणूंची संख्या किती प्रचंड असते ते पाहिलं की अब्जातला एक ही दुर्मीळ गोष्ट उरत नाही. फवारणी ही चाळण आहे: सगळे गळून जातात, तो एक वर राहतो, आणि पुढच्या पावसाच्या थेंबांबरोबर त्याचीच प्रजा बागभर उडते. अमेरिकेत नाशपातीच्या बागांत हेच घडलं. कॅलिफोर्नियात 1971 मध्येच करपा आणणारा एर्विनिया हा जिवाणू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासा झाला होता.

मात्रा दुप्पट करून काही साधलं नाही त्याचं कारणही यातच आहे. शिफारस लिटरला अर्ध्या ग्रॅमची, म्हणजे 500 पीपीएम (दहा लाख भागांत 500 भाग). दुप्पट केली तर 1,000. पण रायबोसोम बदललेले जिवाणू याहूनही जास्त प्रमाणात आरामात जगतात. औषध जिथे चिकटायचं ती जागाच उरलेली नाही, मग कितीही ओतलं तरी काय होणार?

प्रामाणिकपणे सांगायची एक गुंतागुंत आहे. 1988 मध्ये जॉन केर्न्स यांनी असं सुचवलं की उपाशी ई. कोलाय आपल्याला हवा तोच बदल घडवून आणत असावा. त्यावर मोठा वाद झाला. पुढच्या कामातून दिसलं की संकटात पेशीच्या डीएनए प्रतीतल्या चुका वाढतात, पण त्या इतर जनुकांतही होतात. जिवाणूंत एसओएस नावाची यंत्रणा आहे. डीएनएला इजा झाली की ती जागी होते आणि घाईने, चुका करत प्रती काढणारी विकरं कामाला लावते. म्हणजे संकट आहे हे पेशीला कळतं आणि ती बदलांचा वेग वाढवते, पण कोणता बदल उपयोगी पडेल हे तिला माहीत नसतं. मुलाच्या बाजूने इतकं झुकायला मी तयार आहे. त्यापलीकडे नाही.

म्हणून बागेतल्या प्रतिकाराबद्दलचा निष्कर्ष असा झाला की कोणतीही एक पेशी शिकली नाही. औषध ओळखणारी पेशी त्या बागेत कधीच नव्हती. बदलला तो वंश, आणि बदलायला लावणारी फवारणी होती.

जंतूला खरंच काय कळतं

इथे थांबलो असतो तर मुलावर अन्याय झाला असता, कारण हाच जिवाणू दुसऱ्या एका बाबतीत खरोखर काहीतरी जाणतो. झँथोमोनास कुळातले जिवाणू एक मेदाम्लासारखा पदार्थ बाहेर सोडतात. कोबीवर्गातल्या पिकांवर येणाऱ्या झँथोमोनासमध्ये 1997 साली तो पहिल्यांदा दाखवला गेला. एकटा जिवाणू असेल तर पदार्थ विरून जातो. दाटी झाली की तो साठतो, आणि ठराविक पातळी ओलांडली की सगळे मिळून पेशीभित्ती विरघळवणारी विकरं सोडू लागतात. आपल्याभोवती आपले किती जण आहेत याचा अंदाज घेऊन ते हल्ल्याची वेळ ठरवतात. 2009 मध्ये अर्जेंटिनातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: याच खुणेवर चालणाऱ्या एका घटकामुळे हा जिवाणू पानाची मिटलेली पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, पुन्हा उघडू शकतो. हे प्रयोग अरबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपावर झाले आहेत, डाळिंबावर नाहीत, पण कूळ एकच आहे.

ही जाण पेशीच्या आयुष्यातली आहे, शेजाऱ्यांच्या खुणा तोलणारी आहे. माझ्या मघाच्या कसोटीवर ती बऱ्याच अंशी उतरते. आणि शेतकऱ्याला ती उपयोगाची आहे. ज्याचा हल्ला दाटीवर अवलंबून आहे त्याची दाटी होऊ न देणं हा सर्वांत खात्रीचा उपाय: डागी फांद्या छाटणं, गळलेली पानं-फळं उचलून जाळणं, कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना निर्जंतुक करणं.

झाडाची बाजू

या प्रकरणात माझं मन सर्वांत जास्त रमलं ते झाडापाशी.

पानाच्या प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी असतात. उजेड किती, कार्बन डायऑक्साइड किती, हवा कोरडी की दमट, मुळांकडून ताणाचा इशारा म्हणून ॲब्सिसिक आम्ल आलं आहे का, हे सगळं त्या एकाच वेळी जोखतात आणि रंध्र किती उघडायचं ते ठरवतात. 2006 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये दिसलं की जिवाणूच्या कशाभिकेचा (पोहायच्या शेपटीचा) तुकडा नुसता जाणवला तरी या पेशी रंध्र मिटून घेतात. करपा आणणारा स्यूडोमोनास मग एक विष सोडून काही तासांत ते पुन्हा उघडवतो. दार लावणं आणि दार उघडवणं, दोन्हीकडे पेशीच.

रक्षक पेशींना आठवणही असते. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात 2012 मध्ये अरबिडॉप्सिसची रोपं एकदा सुकवली, पाणी देऊन सावरली, पुन्हा सुकवली. दुसऱ्या वेळी काही जनुकं पहिल्यापेक्षा कितीतरी जोमाने जागी झाली आणि रोपांनी पाणी जपून वापरलं. ती आठवण साधारण पाच दिवस टिकली, नंतर पुसली गेली. 2015 मध्ये त्याच विद्यापीठातून रक्षक पेशींबद्दल तेच दिसलं: ताण ओसरून पाणी मिळाल्यावरही त्या रंध्रं पूर्ण उघडत नाहीत, जणू मागचा अनुभव अजून ताजा आहे. इथे डीएनएची अक्षरं बदललेली नाहीत. त्याच पेशीत, तिच्याच आयुष्यात, जनुकांभोवतीच्या प्रथिनांवर खुणा राहिल्या आहेत.

हे सांगितल्यावर आण्णा खुर्चीत पुढे सरकले. "ताण दिला की झाडाला कळतं, हे आम्ही म्हणतोच की." बरोबर आहे. डाळिंबाचा सगळा बहार ताणावर उभा आहे. झाडाला दुष्काळ जाणवू द्यायचा आणि मग पाणी देऊन कळी काढायची, ही रीत पेशींच्या या जाणीवेशीच बोलते.

मग मी त्यांना विचारलं, बागेतली झाडं किती जातींची? एकच, भगवा. कलमं? सगळी गुटीची, एकाच मातृवृक्षाच्या फांद्यांची. म्हणजे बाग दिसायला शेकडो झाडांची, पण वंशाच्या हिशेबाने एकच झाड. त्याच्यात नवी पिढी येत नाही, बियांतून फेरफार होत नाही, चाळणीत टिकायला दुसरं कुणी नाही. आपण डाळिंबाचा वंश आहे तिथे थांबवून ठेवला आहे, कारण आपल्याला तेच लाल दाणे, तीच गोडी, तीच बाजारातली ओळख हवी आहे. जिवाणूचं नेमकं उलटं. त्याचा वंश दर काही तासांनी पुढे सरकतो, म्हणून एकेका पेशीला शहाणं असण्याची गरजच पडत नाही.

झाडाजवळ मात्र एवढंच आहे: जिवंत पेशी आणि तिला आयुष्यात जे कळेल ते. म्हणून या बागेत पेशीची बुद्धी शोधायची तर ती झाडात शोधायला हवी. आपण तिला जंतूत शोधत होतो आणि त्यासाठी औषधाचे पैसे मोजत होतो. झाडाच्या पेशींना वेळ आणि ताकद मिळाली तरच त्या जे जाणतात ते वापरू शकतात. एक बहार संपतो न संपतो तोच दुसरा धरला, अन्नसाठा भरू दिला नाही, की रंध्रावरच्या दोन पेशी कितीही जाणत्या असल्या तरी त्यांच्या हातात काही उरत नाही.

काय ठरलं

स्ट्रेप्टोसायक्लीन पूर्ण बंद. ते जिवाणूवर चालत नाही हे कारण पुरेसं होतं. दुसरं कारण असं की स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध, आणि ते असं बागांत उधळणं माणसांच्याही हिताचं नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लीनचा शेतीतला वापर थांबवण्याचा मसुदा आदेश काढला तोही याच चिंतेतून.

मृग बहार सोडून हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरताना धरायचा बहार, घ्यायचा. पावसाच्या थेंबांबरोबर जिवाणू उडतो, आणि पावसाळ्यात बागेत कळी-फळं नसली तर त्याचा जोर तिथेच मोडतो. तोडणीनंतर झाडाला तीन-चार महिने पूर्ण विश्रांती द्यायची. डागाच्या खाली दोन इंच सोडून छाटणी करायची, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावायची, खाली गळलेलं सगळं उचलून जाळायचं, पावसाळ्यात एक टक्का बोर्डो मिश्रण मारायचं. यात नवं काही नाही. सोलापूरजवळ केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि तेल्यासाठी तिथून बहुतांशी हेच सांगितलं जातं. आण्णांनी हे पूर्वीही ऐकलं होतं. फरक इतकाच की आता ते का करायचं ते त्यांना पटलं होतं. जंतू विचार करतो असं वाटत असताना ते त्याच्यापेक्षा वरचढ डाव शोधत बसले होते. विचार करणारं कुणी समोर नाही हे कळल्यावर त्यांचा सगळा भर जंतूची संख्या कमी ठेवण्यावर गेला.

पहिल्या हस्त बहारात डाग आले, पण मुख्यतः पानांवर, आणि फळांचा मोठा भाग स्वच्छ निघाला. हा एका बागेचा एका हंगामाचा अनुभव आहे. त्या वर्षी परतीचा पाऊसही बेताचाच होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

मुलाने आपला प्रश्न सोडलेला नाही. त्याने तो जागा बदलून विचारला आहे, आणि मला ते फार आवडलं. पानगळीच्या आधीच्या ताणात काही ओळींना पाणी एकदम न तोडता दोन छोटे ताण द्यायचे, मधे एकदा सावरू द्यायचं. बाकी ओळींना नेहमीसारखा एकच लांब ताण. दुसऱ्या ताणाच्या वेळी दोन्हीकडच्या पानांच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावून, वाळल्यावर चिकटपट्टीने ठसा उचलायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली उघडी आणि मिटलेली रंध्रं मोजायची. एकदा ताण सोसलेल्या ओळींतली रंध्रं दुसऱ्या वेळी लवकर मिटली, तर त्या रक्षक पेशींनी मागचं काहीतरी जपून ठेवलं आहे असं म्हणता येईल. दोन्हीकडचे आकडे सारखे आले तर तसं म्हणता येणार नाही. ओळी आण्णांनी निवडून दिल्या आहेत: विहिरीकडच्या, जिथे ठिबकच्या नळीला स्वतंत्र कॉक आहे.